शिवी कुणाला लागली, ते आधी बघा

आठवी-नववीतल्या मुलाच्या तोंडून आईबहिणीवरची शिवी पहिल्यांदा कानावर पडली की बहुतेक घरांत एकच प्रयोग रंगतो. आईचा चेहरा पडतो. बाबा हात उगारतात, नाहीतर "हे असलं कुठून शिकलास?" म्हणून आवाज चढवतात. आजी म्हणते, आधी ती शाळा बदला. रात्रीच्या जेवणापर्यंत खापर फोडायला कुणीतरी सापडलेलं असतं: मोबाइल, खालच्या मजल्यावरचा मुलगा, नाहीतर शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर. पोरगा मान खाली घालून सगळं ऐकून घेतो आणि यापुढे घरात बोलताना जपायचं, एवढंच मनाशी ठरवतो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याची जीभ जिथल्या तिथे.

पालकांना आणि शिक्षकांना माझं सांगणं असं, की तो पहिला प्रश्न सोडून द्या. कुठून शिकला हे तुम्हालाही माहीत आहे. सिग्नलला रिक्षा आडवी आली तेव्हा तो तुमच्याच स्कूटरवर मागे बसला होता. शेवटच्या षटकात झेल सुटला तेव्हा तो तुमच्या शेजारी सोफ्यावर होता. काकांनी फोनवर भाऊबंदकीचा हिशेब चुकता केला, तो त्याने दाराआडून ऐकला. वेबसिरीजमध्ये दर दुसऱ्या वाक्याला जे येतं ते त्याला पाठ आहे. संध्याकाळच्या बातम्यांत पुढारी एकमेकांना जे बोलतात आणि वाहिनी मध्येच 'टुंई' वाजवून झाकते, तेही. (त्या 'टुंई'ने काहीच झाकलं जात नाही, उलट सगळ्यांचे कान टवकारतात.) विचारायचंच असेल तर दुसरं विचारा. कुणाला म्हणालास?

शिवीशी आपल्या समाजाचं नातं काही कालपरवाचं नाही. शिमग्याला बोंब मारताना आपले आजे-पणजे जे ओरडत ते इथे छापता येणार नाही. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हातवारे करकरून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्याला 'बोरीचा बार' म्हणतात, आणि तो बघायला लोकांची झुंबड उडते. आजकालच्या मुलांनी संस्कृती बुडवली म्हणून गळा काढणाऱ्यांनी एकदा जाऊन यावं. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे दिवस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे, आणि समोरची बाईही पदर खोचून त्याच तयारीने आलेली आहे. जितकी मुभा हिला, तितकीच तिला. एकटीला गाठून दहाजणींनी तिच्यावर तोंड टाकायचं, असा तो प्रकार नाही.

आता शाळेच्या सायकल स्टँडवर दहा मिनिटं उभं राहून ऐका. एक जण येतो, दुसऱ्याच्या पाठीत धपाटा घालतो आणि त्याच्या आजीचे कान लाल होतील अशा शब्दांत हाक मारतो. दुसरा त्याच्या वरताण परतफेड करतो. मग दोघं एकाच वडापावमध्ये वाटेकरी होतात. गणिताचा पेपर कसा गेला, क्लासचे सर काय म्हणाले, शनिवारी मॅच आहे का, या सगळ्यात फुल्याफुल्यांची पेरणी चाललेली असते. ऐकायला वाईट वाटतं, मान्य. पण तिथे कुणी कुणाला दुखवत नाही. त्या वयात मोठं दिसायची घाई असते, टोळीत आपली जागा पक्की करायची असते, आणि शिवी हे त्याचं सगळ्यात स्वस्त तिकीट आहे. यातली बरीच मुलं पुढे नोकरीधंद्याला लागल्यावर आपोआप तोंड सांभाळतात. तेवढ्यासाठी घरात चार दिवस सुतक पाळू नका.

"आजी बसलीय, इथे नको." "रस्त्यात नको." "बाई वर्गात आहेत." एवढं एक वाक्य, नेहमीच्या आवाजात, आणि विषय संपला. मुलांना कुठे काय बोलू नये हे शिकवायचं असेल तर ते असंच, जागच्या जागी, थोडक्यात शिकवलं जातं. तासभर व्याख्यान दिलंत तर मुलाला त्या शब्दात किती दम आहे हे कळतं. एका शब्दाने आईला रडवता येतं आणि बाबांना ताटावरून उठवता येतं, हे चौदा वर्षांच्या पोराला कळणं घराला महागात पडतं.

मुलींबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण आपण त्यांच्याशी वेगळं वागतो. मुलाने शिवी दिली की "वय आहे", आणि तीच मुलीने दिली की "मुलीची जात आणि असलं तोंड?" आज शहरातल्या काय आणि तालुक्याच्या गावातल्या काय, दहावीतल्या मुली सर्रास शिव्या देतात. त्यांचा हिशेब साधा आहे: पोरं देतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही, मग आम्हीच का गप्प बसायचं? या प्रश्नाला "तू मुलगी आहेस म्हणून" हे उत्तर दिलंत तर ती तुमचं पुढचं एक अक्षर ऐकणार नाही, आणि ते बरोबरच आहे. नियम करायचा तर दोघांना एकच करा.

मुलगा आणि मुलगी दोघांशीही एक गोष्ट मात्र उघड बोलावी, कारण त्यांनी तिचा विचारच केलेला नसतो. दोन पोरं रनआउटवरून भांडतात. चूक एकाची, राग दुसऱ्याचा. आणि शब्दांनी ओरबाडली जाते ती बाई, जी त्या वेळी घरी पोळ्या लाटत असते, दुकानात गिऱ्हाइकाला कपडे दाखवत असते, नाहीतर सहाच्या लोकलने घरी यायला निघालेली असते. तिचा त्या रनआउटशी काडीचा संबंध नाही. मुलांसमोर हे नुसतं मांडा, पुढे काही बोलू नका. मुलं ते बरोबर समजून घेतात. सोज्वळपणाचा आव आणला की मात्र हसतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. भांडण पुरुषांचं आणि विटंबना बायकांची, हेच त्यामागचं कारण होतं. सरपंच शरद आरगडे यांनी पुढाकार घेतला आणि देशभरातल्या वर्तमानपत्रांत गावाचं नाव झळकलं. दंड किती वसूल होणार, साक्षीदार कोण, असले प्रश्न लोकांनी विचारले. विचारावेत. मला ठरावात आवडलं ते हे, की तो शाळेसाठी नव्हता. मोठ्या माणसांनी तो आधी स्वतःच्या तोंडाला लावून घेतला. तुमच्या सोसायटीत, चाळीत, क्रिकेट मंडळात मोठ्यांसाठी असं काही करता आलं तर करून बघा. घरात तर करता येईलच. बाबांच्या तोंडून शिवी गेली तर बाबांनी डब्यात दहा रुपये टाकायचे, आणि हिशेब मुलाने ठेवायचा. महिनाअखेर डब्यात कुणाचे किती, ते बघा. मुलाच्या आधी बापाची पंचाईत होईल, असा माझा अंदाज आहे.

इथवरचं सगळं मला हलकं वाटतं. खरी काळजी करायची ती पुढच्या गोष्टीची, आणि तिच्यात बहुतेक वेळा शिवी नसतेच.

सातवी-आठवीतला एखादा मुलगा असतो. आवाज अजून फुटलेला नाही, चालणं जरा नाजूक, स्नेहसंमेलनात लावणीवर नाचलेला आणि छान नाचलेला. वर्गातली पोरं त्याला कुठल्यातरी नटीच्या नावाने हाक मारायला लागतात. हजेरीच्या वेळी बाईंनी त्याचं नाव घेतलं की मागच्या बाकावरून बारीक आवाजात "हजर" येतं. वर्ग हसतो. कधीकधी बाईही हसतात, कारण त्यात वाईट शब्द कुठला आहे? पुढच्या वर्षी तो स्नेहसंमेलनात नाव देत नाही. पीटीच्या तासाला त्याचं पोट दुखतं. मधल्या सुट्टीत तो ग्रंथालयात जाऊन बसतो आणि सगळे म्हणतात, वा, वाचनाची केवढी गोडी! त्याच मधल्या सुट्टीत ग्राउंडवर कुणाच्या तोंडून 'भ'च्या बाराखडीतला शब्द निसटतो, तो ऐकून सर धावत येतात, डायरीत लाल शेरा मारतात, पालकांना बोलावणं धाडतात.

हा उलटा कारभार थांबवा. 'बायल्या', 'जाड्या', 'काळे', 'लंगड्या', तोतरं बोलणाऱ्याची नक्कल, अंगावर पांढरे डाग असलेल्या मुलीला दिलेलं टोपणनाव, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत नंबर आल्यावर "कोट्यातली आहे ती" असं कुजबुजणं: यातलं काहीच शिवीच्या यादीत बसत नाही, म्हणून शाळेच्या कानावरून ते सहज निघून जातं. ज्याला लागतं त्याला मात्र ते रोज लागतं, शाळा सुटल्यावरही लागतं. सायकल स्टँडवरच्या शिवीला समोरचा परतफेड करू शकतो. नक्कल करणाऱ्याला तोतरा मुलगा काय परत देणार?

जातीवरून बोलणं हे यातलं सगळ्यात विषारी. मुलं कधी जातीचं नावच शिवीसारखं वापरतात, कधी आडनावावरून कोटी करतात, कधी डब्यातल्या भाजीवरून. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' हा २०१३ चा चित्रपट. त्यातल्या जब्या या मुलाला वर्गातली पोरं जे चिडवतात तो शब्द कैकाडी भाषेत फक्त डुकराचं नाव आहे. शब्द साधाच, पण कुणी, कुणाला, किती जणांच्या देखत ओरडून म्हटला, हे चित्रपट बघताना कळतं. नववी-दहावीच्या मुलांबरोबर बसून तो बघावा. संपल्यावर प्रश्नोत्तरं घेऊ नयेत. आणि पालकांनी हेही लक्षात ठेवावं, की अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. "पोरांची मस्करी" म्हणून ते सोडून देऊ नका. मुलगा हे घरातूनच ऐकतो आहे का, जेवताना आपण कुणाबद्दल काय बोलतो, याचा शोध घ्या. कदाचित तो ताटापाशीच संपेल.

आता कुणा मुलाला असं काही लागलं आहे हे कळल्यावर शाळेने काय करावं? आधी, काय करू नये ते सांगतो. त्या मुलाला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावून सहा जणांच्या देखत "काय म्हणाला तो? नीट सांग, मोठ्याने सांग" असं विचारू नका. तो शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारायला लावणं म्हणजे तोच मार पुन्हा देणं. एकाच शिक्षकाने, ज्याच्याशी तो बोलतो अशा, बाजूला बसून ऐकावं. बोलायचं नसेल तर कागदावर लिहू द्यावं. दुसरं, परिपाठाच्या वेळी सगळ्या शाळेपुढे माफी मागायला लावू नका. शिस्तीच्या दृष्टीने ते जोरकस दिसतं, पण तोवर जे टोपणनाव एका तुकडीला माहीत होतं ते त्या दिवशी हजार मुलांना माहीत होतं. ज्यांनी चिडवलं त्यांना एकेकट्याने बोलवा. एकत्र आले की ते एकमेकांकडे बघून हसतात. एकटा आला की त्याला आपलं वाक्य ऐकू येतं. आणि जे नुसते हसले त्यांनाही बोलवा, कारण हसणारे गप्प बसले तर हा खेळ दोन दिवसांत बंद पडतो.

मारणं आणि घालूनपाडून बोलणं मात्र नको. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई आहे. कायद्याचं वय ६ ते १४, पण पंधराव्या वर्षी मुलाची कातडी जाड होते असं काही नाही. याच संदर्भात शिक्षकांना एक नम्र विनंती. 'मठ्ठ', 'दगड', 'शेण भरलंय का डोक्यात', 'बापाने पैसे भरलेत म्हणून आलास का' ही वाक्यं वर्गात चालतात तोवर मुलांच्या भाषेवर बोलायला तोंड राहत नाही. वर्गातल्या कुणाला हसायचं, हे मुलं फळ्याकडे बघूनच शिकतात. राज्यातल्या शाळांत २०२२ पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तुमच्या शाळेत ती आहे का, तिच्यात कोण आहे, मुलांना ती माहीत आहे का, हे पालकसभेत विचारा. पालकसभेत सहामाहीच्या गुणांखेरीज दुसरं काहीतरी विचारलं जाईल, तेही बरंच.

फोनवरची गोष्ट जरा निराळी. ग्राउंडवरची शिवी हवेत विरते. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची विरत नाही. तिचा स्क्रीनशॉट होतो, स्टिकर होतं, तिच्यावर चाळीस हसरे चेहरे पडतात आणि ती रात्री अकरा वाजता उशीपाशी उजळते. मुलाने असं काही दाखवलं तर घाबरून पुसून टाकू नका आणि तावातावाने ग्रुपवर उत्तरही देऊ नका. स्क्रीनशॉट ठेवा, वेळ-तारीख दिसेल असा, आणि वर्गशिक्षकांना भेटून दाखवा. ऑनलाइन गेमचं म्हणाल तर तिथे हेडफोनमध्ये बोलणारा माणूस बारा वर्षांचा आहे की बत्तीस, हे तुमच्या मुलाला माहीत नसतं. आठवड्यातून एकदा हेडफोन काढून स्पीकरवर खेळायला सांगा आणि शेजारी भाजी निवडत बसा. टीका करू नका, फक्त बसा. पुष्कळ काही आपोआप कळेल.

एखादं मूल अचानक घरातल्यांवरच शिव्या टाकायला लागलं, पूर्वी असं नव्हतं, तर मात्र भाषेचा विचार तूर्त बाजूला ठेवा. झोप बघा, डबा परत येतोय का बघा, कुठल्या वारी शाळेत जायचं टाळतं ते बघा. बऱ्याचदा बाहेर कुणीतरी त्याला रगडत असतं आणि उलट बोलायची सोय फक्त आईपाशी असते.

आता नववी-दहावीतल्यांशी दोन शब्द, मोठ्यांचं हे वाचून झालं की ते तुमच्याकडे सरकवतीलच म्हणून. शिवीने बरं वाटतं, हे खोटं नाही. २००९ साली इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितला. तोंडाने शिवी घोकत असताना मुलं जास्त वेळ कळ सोसू शकली. साधा शब्द घोकताना कमी. पण त्यांनीच पुढच्या प्रयोगात असं पाहिलं, की जो उठता-बसता शिव्या देतो त्याला हा फायदा कमी मिळतो. म्हणजे करंगळी दाराच्या फटीत सापडेल त्या दिवसासाठी काहीतरी शिल्लक ठेवा. दिवसभर वडापाव मागताना ती खर्च करून टाकलीत तर त्या क्षणी हातात काय उरणार?

दुसरं असं, की तुम्ही राग, वैताग, लाज, मत्सर, कंटाळा आणि आनंद या सहाही गोष्टींना एकच शब्द वापरता. मराठीत भांडायची सोय याहून कितीतरी चांगली आहे. मालवणी म्हातारीने "शिरा पडो तुझ्या तोंडार" म्हटलं की समोरचा अर्धा घाबरतो आणि अर्धा हसतो. मच्छिंद्र कांबळींनी 'वस्त्रहरण' रंगभूमीवर गाजवलं ते या बोलीच्या जोरावर. मेल्या, मुडद्या, खापरतोंड्या, करंट्या, उंडग्या: घरातल्या जुन्या माणसाला विचारा, निम्मी वही भरेल. यातला शब्द ज्याला म्हणायचा त्यालाच लागतो, त्याच्या आईला नाही. आणि मित्राला हाक मारताना तो हसतोय का, एवढं मात्र रोज बघा. तो गेल्या आठवड्यापासून नुसतंच हसल्यासारखं करतोय, असं वाटलं तर ते टोपणनाव त्याच दिवशी बंद करा. त्याने सांगायची वाट बघू नका. तो सांगणार नाही.

शेवटी पुन्हा पालकांकडे वळतो, कारण एक फोन कधीतरी तुम्हाला येणार आहे. पलीकडे वर्गातल्या दुसऱ्या मुलाची आई असेल, आवाज थरथरत असेल, आणि ती सांगेल की तुमचा मुलगा माझ्या मुलाला अमुक म्हणतो. "आमचा असं बोलूच शकत नाही" हे वाक्य त्या वेळी गिळा. "तुमचाही काही कमी नाही" हेही. कधीपासून चाललंय, कोण कोण असतं, तुमचा मुलगा आता कसा आहे, एवढं विचारा आणि लिहून घ्या. तुमच्या मुलाशी त्या रात्री बोला, पण तिचं नाव घेऊन त्याच्यावर चिडू नका. नाहीतर दुसऱ्या दिवशी तिच्या मुलालाच "घरी सांगितलंस ना" म्हणून ऐकावं लागेल. आणि आठ दिवसांनी तुम्ही होऊन तिला फोन करा, थांबलंय का विचारायला.